या खोलीतलं त्या खोलीत

डॉक्टरबाई गेल्या महिन्यात गेल्या. हृदयाची झडप गळत होती. आयुष्यभर कॅन्सरचा अभ्यास केला आणि गेल्या भलत्याच दुखण्यानं. लोक भेटायला आले की हेच बोलतात. मला अजून काही बोलायला सुचत नाही, म्हणून लिहिते आहे.

दीड वर्षापूर्वी त्यांनी नवरा, धाकटी बहीण आणि मी अशा तिघांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं. म्हणाल्या, "एकदाच सांगते. शस्त्रक्रिया झेपणार नाही. वर्ष, फार तर दोन. काय विचारायचं ते आत्ता, एकमेकांसमोर विचारा."

मग नवऱ्यानं विचारलं, "गॅलरीतल्या झाडांना पाणी किती घालायचं?"

"भावोजी, हा काय प्रश्न झाला?" बहीण भडकली.

"चांगला प्रश्न आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि एकेक कुंडी करून सांगत गेल्या. नवऱ्यानं ते लिहून घेतलं.

सगळ्यांना एका खोलीत बसवून बोलायचं, ही त्यांची रीत मूळची नव्हती. मूळची रीत नेमकी उलट होती.

पहिली अकरा वर्षं त्या प्रयोगशाळेत होत्या. काचपट्ट्यांवरच्या पेशी बघायच्या, मोजायच्या, वहीत आकृती काढायच्या. एकदा एक माणूस भावाचा रिपोर्ट न्यायला आला आणि काउंटर चुकून त्यांच्या दारात उभा राहिला. रिपोर्ट वाचून त्यानं विचारलं, "मग आता घरी काय सांगू?" पुढे त्या म्हणायच्या, "पेशीबद्दल मला अकरा वर्षांचं ठाऊक होतं. तिच्याभोवतीच्या घराबद्दल अकरा मिनिटांचंही नाही."

त्यांनी विषय बदलला. कॅन्सर घरात आला की घराचं काय होतं, हा नवा विषय. विभागप्रमुख, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, त्यांनी चहाच्या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बाई आता घरोघरी मातीच्या चुली मोजणार."

"मोजते ना," या म्हणाल्या. "किती विझल्या ते तरी कळेल."

त्यांना जागा मिळाली जिन्याखालच्या पॅसेजमध्ये. एकाला लागून एक अशा दोन खोल्या. पहिलीत रोग्याला बसवायचं, दुसरीत घरच्या माणसाला. दोघांना एकाच वेळी तेच पंचवीस प्रश्न विचारायचे. मग दोन्ही फॉर्म शेजारी ठेवून बघायचे. दर सहा आठवड्यांनी एक, अशा चार भेटी. दोनशे जोड्या घ्यायच्या, असं आधीच ठरलं होतं.

नियम एकच होता. या खोलीतलं त्या खोलीत जायचं नाही. तोही अनुभवातून आलेला. पहिल्याच वर्षी एका मदतनीस बाईनं एका म्हाताऱ्याला सहज म्हटलं, "पण तुमची सून तर सांगत होती..." म्हातारबुवा उठले ते पुन्हा आले नाहीत. उपचारालाही नाही. तेव्हापासून डॉक्टरबाईंनी तोंडाला कुलूप घातलं.

मी तिथे लागले ते साहित्यात एम.ए. करून, दुसरं काही मिळेना म्हणून. काम होतं मुलाखती ऐकून टाइप करण्याचं. महिन्याभरात त्यांनी मला दोन नंबरच्या खोलीत बसवलं. मला त्या कादंबरी म्हणत. "कादंबरी, 'हुंदका आवरत' असं लिहू नकोस. 'तीन सेकंद गप्प' असं लिही."

त्यांच्या तक्त्यात एक रकाना होता: गप्प राहण्यात गेलेले आठवडे. दोघांनाही खरं माहीत आहे आणि दोघंही एकमेकांपासून लपवताहेत, असे आठवडे. पुष्कळ घरांत हा आकडा आजारपणाएवढाच निघायचा.

शेवटची, दोनशेवी जोडी एका टेलरमास्तरांची आणि त्यांच्या बायकोची होती. मास्तरांना पोटाचा कॅन्सर. घरात नाव अल्सरचं.

मास्तर एक नंबरच्या खोलीत म्हणाले, "तिला अल्सर वाटतोय. तसंच राहू दे. खचेल हो ती."

काकू दोन नंबरच्या खोलीत मला म्हणाल्या, "त्यांना अल्सरच सांगितलंय. तुझ्या तोंडून चुकून काही जाऊ देऊ नकोस हं, बाळा."

असं आम्ही शंभर वेळा ऐकलं होतं. पण या दोघांची एकुलती एक मुलगी परदेशात होती. ती फोनवर सारखं विचारायची, येऊ का? काकू नको म्हणायच्या. ती अचानक दारात उभी राहिली तर मास्तरांना संशय येईल. आणि पलीकडे मास्तर तिच्यासाठी कोट शिवायला घेऊन बसले होते. तिसऱ्या भेटीत ते म्हणाले, "कापड आणून ठेवलंय. पण पाच वर्षांपूर्वीच्या मापावर कात्री कशी चालवू? तिला बोलवावं, तर हिला कळेल."

त्या दिवशी चार वाजता दोन्ही फॉर्म टेबलावर शेजारी होते.

"बाई, सांगून टाकू या," मी म्हटलं.

"कोणाला?"

"कोणालाही. डॉक्टर म्हणाले दोनेक महिने. पुढच्या भेटीपर्यंत त्यातला दीड गेलेला असेल."

"हा अभ्यास आहे, कादंबरी. आपण बघायचं. हात लावला की ते आपणच केलेलं होतं." त्यांनी रकान्यात आकडा लिहिला. वीस. मग पेन तसंच धरून बसल्या. नंतर फोन उचलला आणि चौथी भेट सहा आठवड्यांऐवजी पुढच्या सोमवारी बोलावली. कारण सांगितलं नाही.

सोमवारी मी रेकॉर्डर घेऊन दोन नंबरला गेले, तर कुलूप.

"चावी?"

"नको. तिथली खुर्ची काल इकडे आणून ठेवलीय."

मास्तर आणि काकू शेजारी शेजारी बसले. डॉक्टरबाईंनी फॉर्म उघडला आणि कोणाकडेही न बघता नेहमीच्या आवाजात वाचला. "प्रश्न सातवा. आजाराबद्दल घरातल्या दुसऱ्या माणसापासून तुम्ही काही लपवलं आहे का?"

रेकॉर्डिंगमध्ये यापुढे चौदा सेकंद काही नाही.

"हे काय विचारणं झालं?" मास्तर म्हणाले.

काकू जमिनीकडे बघत होत्या. "अहो, अल्सर नाहीये तो."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"तुझ्याआधीपासून."

काकूंनी मान वर केली. मला वाटलं, आता रडतील. त्या म्हणाल्या, "मग पाच महिने मुकाट्यानं माझ्या हातचं मिळमिळीत कशाला गिळलंत? खायला कोणी बंदी केली नव्हती तुम्हाला!"

"तूच तर वाढत होतीस! अल्सरला तिखट चालत नाही म्हणून!"

"आणि मी काय चमचमीत खात होते? मीही तेच गिळलं, तुमच्यासमोर बसून!"

"कमाल आहे तुझी."

"माझी?"

दोघंही चांगलेच चिडले होते. खोलीत आम्ही आहोत हे विसरले होते. मग मास्तरांचा आवाज उतरला. "पोरीला..."

"ती रोज विचारते. मीच नको म्हणते."

डॉक्टरबाईंनी टेबलावरचा फोन त्यांच्याकडे सरकवला आणि मला डोळ्यांनी बाहेर चल म्हणून खुणावलं.

ते दोघं गेल्यावर डॉक्टरबाईंनी चारही भेटींचे फॉर्म काढले. प्रत्येकावर लाल पेन्सिलीनं तिरपी रेघ मारली आणि खाली लिहिलं: वगळले. कारण, संशोधकाचा हस्तक्षेप. अभ्यासाची मुदत दोन महिन्यांवर आली होती. नवी जोडी घ्यायला वेळ नव्हता.

मोठे सर म्हणाले, "एकशे नव्व्याण्णव? बावीस वर्षांचा नियम, आणि मोडायला शेवटचीच जोडी सापडली? लिहिता कशाला? कोणाला कळणार आहे?"

"मला," त्या म्हणाल्या.

शोधनिबंध छापून यायला दोन वर्षं लागली. एका नियतकालिकानं हस्तक्षेपाच्या त्या एका वाक्यासाठी तो परत पाठवला. दुसऱ्यानं घेतला. परिषदेत एका परीक्षकांनी उठून विचारलं, "हस्तक्षेप म्हणजे नेमका काय केलात?"

"एक प्रश्न चुकीच्या खोलीत विचारला," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि पुढच्या तक्त्याकडे वळल्या.

त्यानंतर त्यांनी तिसरी खोली मागून घेतली. रोगी आणि घरचे, दोघांची आधी संमती घ्यायची आणि मग एकत्र बसवायचं. पुढची सगळी वर्षं त्या खोलीत गेली.

मास्तरांच्या दुकानावरून मी एकदा सहज गेले होते, शोधनिबंध छापून आल्यानंतर. काकू मशीनवर बसल्या होत्या. त्यांनी मला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात तोंड उघडलं, तर डॉक्टरबाईंनी हात वर केला.

"ती जोडी अभ्यासात नाही. मला सांगू नकोस."

मी टाइप करायला बसले. दहा मिनिटं झाली असतील.

"मुलगी किती दिवस होती? मास्तर असताना?"

"तेवीस."

"आणि कोट?"

"नवं माप घेतलं. बाह्या राहिल्या होत्या. त्या काकूंनी लावल्या."

त्यांनी मान हलवली. ते कुठेही लिहून ठेवलं नाही. मग पुढच्या घराचा फॉर्म पुढे ओढला आणि म्हणाल्या, "त्यांना आत बोलव. दोघांनाही."