आईची मान

दादा, अहमदपूरच्या स्टँडवर मी नर्सिंग शिकायला पुण्याच्या गाडीत बसले तेव्हा आई खाली उभी होती. गाडी वळली तशी तीही वळली, सगळीच्या सगळी, पायांसकट. तिची मान वळतच नव्हती. तू शेजारी उभा राहून मला सांगत होतास, "आता लातूर जिल्हा झालाय. पानी दारात येतंय बघ."

पाणी आलं नाही, दुष्काळ आला. तुला नव्या जिल्ह्याच्या कचेरीत नोकरी लागली, सायकल आली. आई मात्र ओढ्यापलीकडच्या विहिरीवरून डोक्यावर घागरीवर घागर रचून आणत राहिली. मान धरली की शेजारची म्हातारी बिब्बा तापवून डाग द्यायची. कातडी उतायची, काळे ठिपके राहायचे. "बायांचं आसंच आसतंय," आई म्हणायची आणि सकाळी पुन्हा घागर उचलायची. मी इथे नर्स झाले नसते तर मीही तेच म्हणत बसले असते.

या हिवाळ्यात मी तिला इकडे आणलं. ॲक्युपंक्चर करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या मानेवरचे डाग एकेक करून बोटाने चाचपले. बारीक सुया बघून आईने विचारलं, "बिब्ब्यावानी भाजंल का गं?" भाजलं नाही. तिला तिथेच झोप लागली. सुयांनी जादू केली असं मी म्हणणार नाही, इथे तिच्या डोक्यावर ओझंही नव्हतं. पण हळूहळू ती हाकेसरशी नुसती मान वळवून बघायला लागली. "लई हलकं वाटायलंय," म्हणाली. डोक्यावर वजन घेतलं तर सगळं मुसळ केरात, असं बाईंनी बजावलं होतं.

आणि मग तू आलास. वहिनी बाळंतपणाला माहेरी, पाणी भरायला कोणी नाही, म्हणून आईला न्यायला! सायकलला घागरी अडकव म्हटलं, तर म्हणालास, "गडीमानसानं पानी भरायचं? लोक हसतेत." हसू देत की! तिची मान मोडली तरी चालेल, तुला कोणी हसता कामा नये? आई मुकाट्याने पिशवी भरत होती. मला तिचाही संताप आला.

स्वारगेटला तुमची गाडी वळली आणि आईने खिडकीतून मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तीच मान तू घागरीखाली द्यायला घेऊन चालला होतास.

आपलं घर गावाकडे, असं मी इथे सगळ्यांना सांगत आले. आता सांगत नाही. आईचं अंथरूण मी उचललेलं नाही. आता गावी येईन ती तिला आणायला, आणि तुला विचारणार नाही.