दही कोणी द्यायचं

आम्ही दुबईला निघालो त्या सकाळी आईने मला चिंचवडच्या फ्लॅटच्या दारात थांबवलं आणि तळहातावर चमचाभर दही घातलं. वर चिमूटभर साखर. खाली सुमोचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, माझा नवरा सुहास टपावरच्या बॅगांची दोरी ओढून बघत होता. मी हात तोंडाशी न्यायच्या आत कडेवरच्या चार वर्षांच्या अनिकेतने वाकून तळहात चाटून साफ केला. सगळे हसले. आई हसली नाही. तिने पुन्हा दही घातलं आणि म्हणाली, "आता मागे वळून बघायचं नाही. आणि लक्षात ठेव, दही मागे राहणाऱ्याने द्यायचं असतं. निघणाऱ्याने आपलं आपण घेऊ नये." मला तेव्हा तिच्या असल्या नियमांचा कंटाळा यायचा. दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न आहे, मी म्हटलं, येतोच की परत.

तुमच्यातले जे चिंचवडलाच राहिले ते इथे हसतील, आणि जे आमच्यासारखे 'दोन-तीन वर्षांसाठी' गेले ते गप्प बसतील. कारण ती दोन-तीन वर्षं कशी लांबतात ते त्यांना ठाऊक आहे. दुबईच्या करामा भागातल्या आमच्या घरात सगळं सामान दुसऱ्यांचं होतं. कोणी दुबई सोडून चाललं की त्यांचा सोफा आमच्याकडे यायचा, कोणाचं कपाट, कोणाचा फ्रीज. नवीन कशाला घ्यायचं? नवीन सगळं चिंचवडला. दर सुट्टीत आम्ही तिथल्या फ्लॅटसाठी काहीतरी घ्यायचो, त्यावर जुन्या चादरी टाकायचो आणि कुलूप लावून, आईच्या हातचं दही खाऊन परत यायचो. राहायचो एका घरात आणि सजवायचो दुसरं. हे वेड्यासारखं आहे हे मला एकदाही जाणवलं नाही, कारण आजूबाजूचे सगळे तेच करत होते.

अनिकेत मात्र करामातच मोठा झाला. बिल्डिंगच्या मागे, पार्क केलेल्या गाड्यांच्या मधल्या पट्टीत तो बॉल टाकायला शिकला. डावखुरा. प्रसाद घेताना, पैसे देताना, पाहुण्यांना पाण्याचा ग्लास देताना डावा हात पुढे आला की मी ओरडायचे, "उजवा हात!" आणि त्याच डाव्या हाताचं पुढे सगळ्यांना कौतुक. ऊद मेथाच्या शाळेत तो अकरावीत गेला तोवर शुक्रवारी सकाळी त्याची मॅच बघायला अनोळखी माणसं यायला लागली होती. सीमारेषेजवळ गाडी लावायची, काच खाली करायची, त्याची बोलिंग संपली की निघून जायचं. मला वाटायचं कोणाचे तरी वडील असतील.

ते वडील नव्हते, कंपन्यांचे मॅनेजर होते. तिकडे क्रिकेट खेळून पोट भरायची एक वेगळीच रीत आहे. कंपनी मुलाला नोकरीवर घेते, व्हिसा देते, सकाळी ऑफिसात नाहीतर गोदामात बसवते आणि दुपारनंतर नेट्सला सोडते. संध्याकाळी आणि शुक्रवारी तो कंपनीच्या संघातून खेळतो. चांगला खेळला तर तिथल्या देशाच्या संघाच्या शिबिरापर्यंत पोचतो. खांदा गेला तर नुसता गोदामातला माणूस उरतो. पंखे आणि दिवे विकणाऱ्या एका कंपनीचे इक्बालभाई आमच्या घरी आले ते अनिकेत बारावीत असताना. सियालकोटचे, पांढऱ्या मिशांचे, बोलायला गोड. चहा संपवून म्हणाले, "भाभी, कॉलेज कहीं भागा नहीं जा रहा. ये उंगलियाँ और ये उम्र दोबारा नहीं मिलेगी." मी म्हटलं, भाईसाब, हमारे यहाँ पहले डिग्री होती है, बाद में उंगलियाँ. सुहासने मला डोळ्यांनी दटावलं, पण इक्बालभाई खळखळून हसले.

माझा बेत कधीच ठरलेला होता. अनिकेत पुण्याला इंजिनिअरिंग करेल, चिंचवडच्या त्या चादरी काढल्या जातील, आणि दर सहा महिन्यांनी तो विमानाने येऊन व्हिसा जिवंत ठेवून जाईल. सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की व्हिसा मरतो, म्हणून आमच्या सगळ्यांचीच मुलं सुट्टी असो नसो, अशी धावत येऊन जायची. डिग्रीही होईल आणि दुबईही सुटणार नाही. अनिकेत यावर हो म्हणायचा नाही आणि नाहीही. "लेट्स सी, आई," एवढंच. त्याच्या बोटांत सतत बॉल फिरत असायचा, जेवतानासुद्धा, आणि माझं डोकं उठायचं.

मग मंदी आली. आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन एक दिवस हलायच्या थांबल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. सुपरमार्केटच्या फळ्यावर सामान विकायच्या चिठ्ठ्या एकावर एक लागल्या. सोफे घ्यायलाही कोणी उरलं नव्हतं, ते कचऱ्याच्या मोठ्या डब्यांशेजारी पडायचे. अनिकेत शाळेतून आला की मी पहिलं विचारायचे, आज कोणी टीसी घेतली? तो नाव सांगायचा आणि मी त्या घरी फोन लावायचे. बहुतेक ठिकाणी एकच उत्तर. बायको-मुलं भारतात, नवरा एखाद्या खोलीत चौघांबरोबर. आम्ही तसं करायचं नाही, असं मी आणि सुहासने ठरवलं होतं. सुहास कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत क्वांटिटी सर्व्हेयर होता, आणि मोजायला इमारतच उरली नाही तर मोजणाऱ्याचं काय होणार हे त्याला माझ्या आधी कळलं होतं. अनिकेतची बोर्डाची परीक्षा तोंडावर असताना त्याला नोटीस मिळाली. परीक्षा संपेपर्यंत व्हिसा रद्द करू नका, एवढी विनंती कंपनीने मान्य केली. अबुधाबीकडच्या रुवैस गावात सुहासला एका कामाची आशा होती. तिथला माणूस रोज इन्शाल्ला म्हणायचा, मग एक दिवस खलास म्हणाला.

आता तुम्ही माझी पंचाईत बघा. सुहासचा व्हिसा गेला की माझा गेला आणि अनिकेतचाही. म्हणजे सहा महिन्यांनी येऊन जायचं माझं सगळं गणित कोसळलं. अनिकेत पुण्याला गेला तर दुबई त्याच्यासाठी संपली, आणि तिच्याबरोबर त्याचं क्रिकेटही, कारण पुण्यात त्याला ओळखतंय कोण? आणि इक्बालभाईंकडे सही केली तर आमच्या तिघांतला तोच एक तिथे राहू शकणार होता. मुलाला पाठवून आईवडिलांनी मागे राहायचं, असं जगात सगळीकडे होतं. आमच्याकडे मुलगा मागे राहणार आणि आम्ही चालते होणार. ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरेना. मी दिवसभर घरात येरझाऱ्या घालायचे, कपाटं काढायचे, पुन्हा लावायचे.

एका दुपारी मी त्याला समजवायला बसले. म्हटलं, परत जाऊ या, तिथे आपलं घर आहे, तुझी खोली आहे. त्याने बॉल टेबलावर ठेवला. "परत? आय हॅव नेव्हर लिव्ड देअर, आई. यू पीपल आर गोइंग बॅक. मी कसा परत जाणार?" आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं. मी म्हटलं, आणि गोदामात पंखे मोजणार? तो म्हणाला, "फॉर सम टाइम. मग बघू. बट इफ आय लीव्ह नाऊ, इट्स ओव्हर."

मी हट्टाने रास अल खोरला ते गोदाम बघायला गेले. छतापर्यंत खोकी, मोठमोठे पंखे, आणि त्या पंख्यांच्या गोदामात वाऱ्याची झुळूक नाही. अनिकेतच्या व्हिसावर 'स्टोअर असिस्टंट' लिहिलं जाणार होतं. ज्या मुलाच्या नावापुढे इंजिनिअर लागावं म्हणून मी त्याच्या पहिलीपासून दुपारची झोप सोडली, त्याच्या पासपोर्टवर स्टोअर असिस्टंट! इक्बालभाईंनी मला खुर्ची दिली, लिंबू-सोड्याची बाटली दिली. म्हणाले, "भाभी, आप हाँ बोलो तो ही काग़ज़ निकालूँगा. माँ की मर्ज़ी के बिना लिया हुआ बॉलर विकेट नहीं लेता." मेलोड्रामाच होता सगळा, मला कळत होतं. तरी मी रडले. राग आला होता मला, मंदीचा, सुहासच्या कंपनीचा, त्या पंख्यांचा, आणि आपल्याला न विचारता आपलं मूल दुसऱ्या गावचं होऊन बसतं याचा.

घरी आल्यावर सुहास म्हणाला, "आपण आलो तेव्हा त्याला कुठे विचारलं होतं? आता त्याने आपल्याला विचारलं तरी." मी अट घातली, नोकरी करता करता बाहेरून डिग्री करायची. अनिकेतने लगेच मान डोलावली. इतक्या लगेच की माझा विश्वास बसला नाही. पुढे ती डिग्री त्याने घेतली, पण खूप रखडत, आणि इंजिनिअरिंगची नाही. चिंचवडला विचारणाऱ्यांना मी कित्येक वर्षं 'लॉजिस्टिक्समध्ये आहे' असं सांगत होते.

निघायच्या सकाळी करामातलं घर रिकामं होतं. फ्रीजसुद्धा गेला होता. अनिकेतची बॅग वेगळी, दुसऱ्या भिंतीला टेकलेली. तो संघातल्या मुलांबरोबर शारजाला राहायला जाणार होता. टॅक्सी खाली आली आणि तो अचानक "वन मिनिट" म्हणून जिना उतरून पळाला. मला वाटलं रडू लपवायला गेला. आला तो कोपऱ्यावरच्या बकालातून, म्हणजे तिथल्या किराणा दुकानातून, दह्याची लहान डबी घेऊन. चमचा नव्हता, साखर तर नव्हतीच. त्याने झाकण फाडलं, डबी वाकडी करून माझ्या तळहातावर दही पाडलं आणि बोटाने नीट मध्यावर सारलं. उजव्या हाताने. मी न सांगता. मग सुहासच्या हातावर. सुहासने ते खाऊन बॅग उचलली. "पोचल्यावर फोन करा," अनिकेत म्हणाला, अगदी मोठ्या माणसासारखा. टॅक्सी वळली तेव्हा मी आईचा नियम मोडून मागे बघितलं. तो डबीत उरलेलं दही बोटाने खात होता.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. देशाच्या संघाच्या शिबिरापर्यंत तो दोनदा पोचला, मैदानावर उतरला नाही. खांदा एका मोसमात खरंच गेला. पण कंपनीने त्याला ठेवून घेतलं, आणि आज तो ते सगळं गोदाम सांभाळतो आणि सुट्टीच्या दिवशी लहान मुलांना बोलिंग शिकवतो. पुण्याला गेला असता तर? हा प्रश्न मी त्याला विचारत नाही, स्वतःला मात्र रोज विचारते, आणि उत्तर रोज बदलतं. चिंचवडला आम्ही चादरी काढल्या तेव्हा खालचं सगळं नवंकोरं आणि जुन्या फॅशनचं निघालं. त्या घरात माझं बूड टिकत नाही. पायाला भिंगरी लागल्यासारखी मी या खोलीतून त्या खोलीत फिरते, सोफ्याची जागा बदलते, आणि व्हिजिट व्हिसा आला की दुसऱ्याच दिवशी बॅग काढते. शारजाला पोचल्यावर आठवडाभराने चिंचवडची आठवण येते. सुहास म्हणतो, तुला विमानातच घर घेऊन देतो.

चिंचवडहून निघताना आता आमच्या हातावर दही घालायला कोणी नाही. आई गेली. मी सुहासच्या हातावर घालते, तो माझ्या, आणि दोघं मिळून कुलूप लावतो. आईला हे चाललं नसतं. शारजाहून निघताना मात्र अनिकेत फ्रीजपाशी उभाच असतो. गेल्या खेपेला घाईत मीच दही काढायला गेले तर त्याने माझ्या हातातून भांडं घेतलं. "आई, थांब. हे मी द्यायचं." त्याच्या बायकोने साखर दिली, त्याने ती वर घातली, आणि त्याच्या कडेवरच्या लेकीने, ईराने, वाकून माझा तळहात चाटला. मी चमकून अनिकेतकडे बघितलं. त्याला काही आठवत नव्हतं, चार वर्षांचा होता तो तेव्हा. त्याने पुन्हा दही घातलं.

"आजी," ईराने विचारलं, "आर यू गोइंग होम?"

सगळे माझ्याकडे बघत होते. तोंडात दही होतं, म्हणून बरं झालं.