गेनूचा एक वाफा

चाकणच्या अलीकडच्या त्या गावात पावसाचा अंदाज मोबाइलवर कुणी बघत नसे, गेनूच्या रानात बघत. गेनूनं कांदा काढून पातीसकट वाळायला पसरला की पाऊस यायचा, मग मार्च असो की मे. ओळीनं तीन वर्षं आला. तेव्हापासून गाव शहाणं झालं. गेनूचा कांदा भिजला, वर ऊन पडलं, की मगच बाकीचे काढणीला हात घालत.

शेवटी गेनू वैतागला. त्यानं कांदा बंद केला आणि कंपनीच्या गेटवर वॉचमन झाला. त्या वर्षी गावानं आपापल्या मनानं कांदा काढला आणि सगळ्यांचाच भिजला. मग चार जाणती माणसं रोप घेऊन दारात आली. "एक वाफा तरी लाव गेनूभाऊ, गावासाठी." गेनूची बायको गवराबाई आतून काय बोलली ते सगळ्यांना ऐकू आलं, पण कुणी मनावर घेतलं नाही.

गेनूनं वाफा लावला आणि यंदा सुट्टी टाकून काढला. गाव बांधावर उभं राहून आभाळ बघत होतं. ढग काही आला नाही. आठवडाभर कडक ऊन. गेनूलाच ओशाळल्यासारखं झालं. धोका टळला म्हणून गावानं एकदमच काढणी उरकून कांदा वाळायला पसरला. दुसऱ्या दिवशी गारा पडल्या.

सगळे जाब विचारायला आले, तेव्हा गवराबाई ओट्यावर खडखडीत वाळलेल्या कांद्याची पात कापत होती. गेनू युनिफॉर्मची बटणं लावत म्हणाला, "माझ्याकडं काय बघताय? आता पाऊस मलाबी वळखत न्हाई."