गैरहजेरीचे साठ फॉर्म

माझ्या एम. कॉम.च्या प्रबंधाला कामगारांच्या मुलाखतींचे साठ फॉर्म जोडलेले आहेत. त्यातले अकरा खरे. बाकीचे एकोणपन्नास मी बोरिवलीच्या आमच्या खोलीत बसून भरले. हे मी यंदापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोला तर अजूनही नाही. मला त्याची झळ कधी लागली नाही. लागली ती दुसरीला, म्हणून लिहितोय.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. परीक्षेऐवजी प्रबंध लिहून एम. कॉम. करता यायचं. सरांनी एकच विषय दोघांत वाटून दिला होता: लहान कारखान्यांतल्या कामगारांची गैरहजेरी. अंधेरीची औद्योगिक वसाहत माझ्याकडे, घाटकोपर ते मुलुंड पट्टा तिच्याकडे. ती घाटकोपरची, माझ्याच वर्गातली. एका कॉलेजात तात्पुरती शिकवत होती, आणि जूनच्या आत पदवी हातात आली तर कायम करू, असा तिथल्या प्राचार्यांचा शब्द होता. घरात कमावणारी ती एकटीच.

मी सुरुवात केली ती प्रामाणिकपणेच. पण वॉचमन गेटवरूनच हाकलायचा. आत गेलोच तर मालक म्हणायचा, "बाद में आना." कामगार जेवणाच्या सुट्टीत भेटायचे, तेव्हा त्यांना डबा खायचा असायचा. दोन महिन्यांत अकरा फॉर्म झाले. मग मी जाणं सोडलं. चार रंगांची पेनं आणली, कधी अक्षर तिरकं काढलं, कधी गिचमीड.

उत्तरांची मला चिंता नव्हती. आम्ही कोकणातले. माणूस कामावर का येत नाही हे मला वाटलं मला पाठच आहे: गणपती, शिमगा, भाताची लावणी, गावची जत्रा. तेच लिहीत गेलो. वडिलांची गिरणी तेव्हा बंद पडलेली, ते दिवसभर घरीच असायचे. एकदा त्यांनी चारपाच फॉर्म उचलून वाचले.

"सगळेच गावाक गेले?"

"असंच असतं ना बाबा."

"मगे गिरणी चलयली कोणी रे? तुझ्या आजोबान?"

मी हसण्यावारी नेलं.

तिचे साठच्या साठ खरे होते. ती दोनदोनदा जायची, चहाच्या टपरीवर बसून राहायची, कामगारांच्या घरीही जाऊन आली. आणि तिला भलतंच काहीतरी सापडलं. ऑर्डर नसली की मालक माणसांना सांगायचे, आठ दिवस येऊ नका. आणि पैसे द्यावे लागू नयेत म्हणून रजिस्टरात त्यांची गैरहजेरी लावायचे. माणूस दारात येऊन परत गेला तरी कागदावर गैरहजर. तिने त्यावर आख्खं एक प्रकरण लिहिलं.

सरांना ते पटेना. सर वाईट नव्हते, पण त्यांना तुलना हवी होती. "अंधेरीत साठात एकही असा माणूस नाही," ते तिला म्हणाले, "मग तुझ्याकडेच कसे निघतात? तुला कुणीतरी युनियनवाल्याने पढवलंय. हे प्रकरण काढ, नाहीतर मी सही करणार नाही."

ती माझ्याकडे आली. कॉलेजच्या कँटीनमध्ये बसलो होतो.

"एक पण नाही भेटला तुला? एक तरी असेल ना रे."

"नाही गं."

"दाखव ना तुझे फॉर्म."

नाही म्हणायला कारण सुचलं नाही. गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. ती उत्तरं वाचतच नव्हती. वरच्या कोपऱ्यातली भेटीची तारीख बघत होती, आणि एकेक फॉर्म बाजूला काढत होती. आठ निघाले.

"हे आठ शुक्रवारचे आहेत."

"मग?"

"मी परवा गेले होते तुझ्या इस्टेटमध्ये. म्हटलं, आपणच शोधावा एखादा. शुक्रवार होता. सगळी गेटं बंद. वॉचमन म्हणाला, बाई, इकडे सुट्टी शुक्रवारची, रविवारी चालू असतं."

विजेचा भार विभागावा म्हणून तेव्हा वसाहतींना सुट्टीचे वार वेगवेगळे लावून दिलेले असत. मला ते माहीत नव्हतं. जेवढ्या वेळा गेलो, त्यात शुक्रवार कधी आलाच नव्हता. घरच्या कॅलेंडरवरचे लाल रविवार तेवढे मी काळजीपूर्वक टाळले होते.

तिने आठ फॉर्म सारखे करून परत गठ्ठ्यात घातले.

"वाट लावलीस रे माझी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "सरांना तू सांग. मी नाही सांगणार. तू सांगशील ना?"

"सांगतो."

त्या आठवड्यात मी ते आठ फॉर्म नवे लिहिले, सोमवार-मंगळवारच्या तारखा घालून. जुने फाडले. सांगायचं मनात नव्हतंच असं नाही, पण आधी हात तिकडेच गेले.

नंतर सरांनी आम्हा दोघांना त्यांच्या खोलीत बोलावलं. तिचं प्रकरण टेबलावर होतं. सरांनी मला सरळ विचारलं, "तू एवढ्या कारखान्यांत फिरलास. काम नाही म्हणून परत पाठवलेला, आणि गैरहजर लावलेला, असा एकही माणूस तुला भेटला नाही?"

ती माझ्याकडे बघत होती. तिने एक शब्द काढला असता तर माझा निकाल तिथेच लागला असता. ती बोलली नाही. चुगली करणं तिच्यात नव्हतं, किंवा मी बोलेन असं तिला शेवटपर्यंत वाटत असावं.

"नाही सर," मी म्हणालो.

तिने प्रकरण उचललं, पिशवीत घातलं आणि गेली. काढून टाकलं असतं तर सही मिळाली असती. तिने काढलं नाही. जून आला, कॉलेजने दुसरी बाई घेतली.

मला प्रथम वर्ग मिळाला. त्या जोरावर अंधेरीतच एका कारखान्यात पर्सोनेल खात्यात लागलो. तिसऱ्याच महिन्यात फोरमन रजिस्टर घेऊन आला. "साहेब, मशीन बंद आहे, बारा जणांना घरी पाठवलंय. गैरहजर लावा." एका मशीनसाठी बारा जण कसे, हे मी विचारलं नाही. सही केली. पुढे त्याच कारखान्यात अशा सह्या मी वर्षानुवर्षं केल्या. ती म्हणाली होती ते खरं होतं, आणि आता ते मीच करत होतो.

यंदा तिचा पत्ता शोधून मुलुंडला गेलो. ती घरी अकरावी-बारावीच्या शिकवण्या घेते. मुली निघून गेल्यावर मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, त्या नव्या आठ फॉर्मांसकट. रजिस्टरांचंही सांगितलं. माफ कर म्हणालो. ती फळा पुसत होती.

मग म्हणाली, "किती जणांना लावलंस तू असं?"

"म्हणजे?"

"गैरहजर. तुझ्या सहीने. किती?"

"मोजले नाहीत."

"रजिस्टरं आहेत?"

"जुन्या स्टोअरमध्ये असतील."

"मग मोज ना. नावानिशी काढ. आणि तिथे जाऊन मोज, घरी बसून नको."

तिने चहा विचारला नाही, मीही थांबलो नाही. सोमवारपासून रजा टाकून स्टोअरमध्ये बसतोय. पहिल्या वर्षाची नावं उतरवून झाली. पुढच्या रजिस्टरांची पानं ओलीने चिकटली आहेत. पट्टी घालून एकेक सोडवावं लागतं.