बोंबील सुकवायची गाडी

मी प्रकल्पात काम करते म्हटलं की लोक विचारतात, म्हणजे नक्की काय करतेस? मी उत्तरादाखल एक किस्सा सांगते. मग ते म्हणतात, अजून एक सांग. असं करत करत किस्से इतके साठलेत की कामाबद्दल सरळ सांगायचं नेहमी राहूनच जातं. म्हणून आज आधी काम सांगते.

दिवेआगरच्या पुढे एक छोटा कोळीवाडा आहे. तिथल्या बायका बांबूच्या मांडवांवर मासळी सुकवतात. हल्ली पाऊस केव्हाही येतो आणि अर्धी सुकलेली मासळी कुजून जाते. म्हणून परदेशातल्या एका हवामान निधीने पैसे दिले, सोबत एक इंजिनियर दिला, आणि उन्हावर चालणारे ड्रायर बसवायचं ठरलं. मोठी पेटी, वर काचेचं झाकण, आत जाळ्या आणि ओलसर हवा बाहेर फेकायला सोलरवर फिरणारा एक पंखा. इंजिनियरचं नाव एरिक. आमच्या ऑफिसचे प्रमुख सावंत सर. मी माणगावची, इंग्रजी बरं म्हणून दुभाषी. आणि गावातल्या बायकांच्या गटाच्या अध्यक्ष हिरूआत्या.

*

पहिली सभा समाजमंदिरात झाली. सावंत सरांच्या बोलण्यात दर दोन वाक्यांनी ‘कपॅसिटी बिल्डिंग’ यायचं. म्हणजे लोकांना शिकवून तयार करणं, पण मला चटकन नेमका मराठी शब्द सुचेना, म्हणून मी तो तसाच ठेवला. "पहिल्या वर्षी तुमच्यासाठी कपॅसिटी बिल्डिंग होणार आहे."

बायकांत कुजबुज झाली. मग हिरूआत्या उठल्या.

"साहेब, बिल्डिंग बांधा, आमची ना न्हाय. पन वर पत्रा नको. मागल्या वादळात सगळे पत्रे उडाले. स्लॅब टाका."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत पाहिलं. त्या सभेच्या इतिवृत्तात ‘महिलांनी स्लॅबची मागणी केली’ अशी नोंद आजही आहे.

*

एरिक आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, हा सुक्या मासळीच्या वासाने पळणार. तो थेट मांडवाखाली जाऊन उभा राहिला आणि नाकाने मोठा श्वास घेतला. मग सांगायला लागला की त्याची आजीपण मासे सुकवायची, असंच लाकडी मांडव घालून, समुद्राच्या काठाला.

हिरूआत्यांना एकदम रस वाटला. "मीठ किती लावायची?"

"अजिबात नाही," एरिक म्हणाला. "आमच्याकडे इतकी थंडी असते की मासे नुसत्या वाऱ्यावर सुकतात."

मी भाषांतर केलं. आत्यांनी जरा विचार केला. "मंग याला सांग, पेटी नको. थंडीच पाठव."

एरिक पाच मिनिटं हसत होता. नंतर मात्र गंभीर होऊन म्हणाला, "आता आमच्याकडेच कमी पडायला लागलीय." हेही मी भाषांतर करून सांगितलं. आत्यांनी त्याला खाली बसवलं आणि चहा मागवला.

*

ड्रायर परदेशातून आले ते न्हावा शेवाला अडकले. बंदरावरचे कागद बघणारा आमचा एजंट रोज नवीन काहीतरी मागायचा. हे ड्रायर केसांचे की कपड्यांचे? मासळीचे असतील तर मासळीच सुकवणार याचा पुरावा द्या. सावंत सरांनी पत्रं पाठवली, फोटो पाठवले. तीन आठवडे गेले. इकडे बोंबलांचा हंगाम सुरू झालेला.

एका सकाळी हिरूआत्या कोणाला न सांगता एसटीत बसल्या. संध्याकाळी सरांना एजंटचा फोन आला, सगळे कागद तयार आहेत, उद्याच ट्रक पाठवा. सरांचा विश्वास बसेना.

दुसऱ्या दिवशी मी आत्यांना विचारलं, "काय बोललात त्याला?"

"काय पन न्हाय. त्याच्या एसीच्या केबिनमधी बोंबलाची टोपली उघडून बसले."

*

मग सर्वेक्षण. प्रश्नावली निधीच्या मुख्य ऑफिसातून आलेली, बावीस पानांची. मी घरोघरी जाऊन भरत होते. हिरूआत्यांचे थोरले दीर, नाखवा, जन्मभर बोट चालवलेला माणूस, ओटीवर जाळं शिवत बसले होते.

मी वाचलं, "गेल्या काही वर्षांत वादळांच्या बाबतीत तुम्हाला काही बदल जाणवला का?"

"व्हय," ते म्हणाले. "पूर्वी वादळ गेलं की संपायचं. आता वादळ गेलं की तुमी येता."

खाली तीनच चौकोन होते. होय, नाही आणि सांगता येत नाही. मी ‘होय’वर खूण केली. चुकीचं काही नव्हतं त्यात.

*

ड्रायर सुरू झाले आणि गावातल्या मांजरांवर आभाळ कोसळलं. मांडवावरचं पडलंझडलं खाऊन जगणारी ती मांजरं. आता मासळी समोर दिसत होती, पण काचेच्या आत. पहिल्या दिवशी पंधरा-वीस मांजरं ड्रायरसमोर ओळीने बसली आणि दुपारभर नुसती बघत राहिली. बायकांना दया आली. एक तर म्हणाली, "शाप लागंल गं आपल्याला." शेवटी रोज एक जाळी मांजरांची असं ठरलं.

एरिकला दर तीन महिन्यांनी अहवाल द्यावा लागे. त्यात एक रकाना होता: प्रकल्पामुळे कोणत्या गटाचं नुकसान झालं का? एरिक प्रामाणिक माणूस. त्याने मोठ्या इंग्रजी अक्षरांत ‘कॅट्स’ असं लिहून पाठवलं.

आठवड्याने मुख्य ऑफिसचं उत्तर आलं. "कॅट्स या संस्थेचं पूर्ण नाव कळवावं. त्यांच्या प्रतिनिधींशी सल्लामसलत झाली आहे का?"

*

एरिक परत गेला आणि पुढच्याच महिन्यात चारपैकी एका ड्रायरचा पंखा बंद पडला. खाऱ्या हवेने आतून गंजला होता. बाकीचे तीनही त्याच वाटेवर, कुरकुरत फिरणारे. नवा पंखा परदेशातून यायला दोन महिने लागतील असं कळलं. नेमका तेव्हाच जवळा, ती बारीक कोळंबी, भरपूर लागला होता. गटाने माणगावच्या एका दुकानदाराला पहिल्यांदाच सुका जवळा द्यायचा शब्द दिला होता, आणि आभाळ भरलेलं. वर निधीची माणसं तपासणीला येणार होती. ड्रायर चालताना दिसले नाहीत तर पुढच्या गावांना मदत मिळणार नव्हती. सावंत सर दिवसभर फोनला चिकटून होते.

आत्या म्हणाल्या, "तू माणगावची ना? चल."

पंखा पदरात गुंडाळून आम्ही हायवेवरच्या एका गॅरेजमध्ये गेलो. मेकॅनिकने तो उलटसुलट करून पाहिला. "रेडिएटरचा बसंल. गाडी कुठली?"

"बोंबील सुकवायची," आत्या म्हणाल्या.

त्याने मान वर करून आमच्याकडे नीट पाहिलं आणि आणखी काही न विचारता भंगारात काढलेल्या गाडीचा पंखा आणून दिला. आत्यांनी घरी त्या पंख्याला होडीचा रंग दोन हात दिला, वायरींच्या जोडांवर ग्रीस थापलं आणि स्वतःच्या हाताने बसवला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला, तेव्हा जवळा काचेखाली कोरडा होता. त्या दिवशी आत्यांनी पहिल्यांदा त्या पेटीला ‘आमची’ म्हटलं. नंतर बाकीच्या तीन पेट्यांचेही पंखे त्यांनी तसेच बदलले.

तपासणीला आलेल्या बाई वाकून बराच वेळ आत बघत होत्या. "हा पंखा कोणी मंजूर केला?"

सरांचा चेहरा उतरला. मी भीत भीत प्रश्न मराठीत सांगितला.

"जवळ्यानं," आत्या म्हणाल्या.

*

त्या बाईंनी पंख्याचे फोटो काढून नेले. पुढच्या गावांना मदत मिळाली, आणि काही महिन्यांनी एरिकचा मेल आला. हिंदी महासागरातल्या एका छोट्या बेटावर असेच ड्रायर बसवले होते आणि त्यांचेही पंखे गंजून बंद पडले होते. निधीला तिथे तांत्रिक तज्ज्ञ पाठवायचा होता. मेलमध्ये तज्ज्ञाचं नाव हिरूआत्यांचं होतं, सोबत दुभाषी म्हणून माझं.

आत्या जन्मात विमानात बसल्या नव्हत्या. नेसूचं लुगडं, पिशवीत नटबोल्टचे पाने, स्क्रू-ड्रायव्हर आणि होडीच्या रंगाचा डबा. रंगाचा डबा विमानतळावर काढून घेतला तेव्हा मात्र त्या हिरमुसल्या. "तिथं बी होड्या असतीलच की," मी म्हटलं, तेव्हा जरा बऱ्या झाल्या.

बेटावरच्या बायका आमची वाट बघत बसल्या होत्या, पण तोंडावर हसू नाही. त्यांची प्रमुख रोझा नावाची म्हातारी, आत्यांच्याच वयाची. ती तिच्या भाषेत बरंच काही रागाने बोलली. तिथला दुभाषी चाचरला, मग मला इंग्रजीत म्हणाला, "ती म्हणते, तज्ज्ञ येतात, बघतात, प्रश्न विचारतात आणि निघून जातात. तुम्ही कधी जाणार?"

मी ते आत्यांना सांगितलं.

"पंखा फिरला की," आत्या म्हणाल्या, आणि पदर खोचून ड्रायरच्या मागे बसल्या. आम्ही दोघा दुभाष्यांनी ते उत्तर रोझाला पोचवलं.

तीन दिवस दोघी त्या पेटीमागे होत्या. पहिल्या दिवशी रोझा नुसती उभी होती. दुसऱ्या दिवशी तिने आत्यांच्या हातातला पाना काढून घेतला आणि त्यांनी तो घेऊ दिला. भंगारातला पंखा तिनेच कुठूनसा आणला, रंगही आणला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी आणि तो दुभाषी नारळाच्या सावलीत बसून होतो. आम्हाला कोणी बोलवतच नव्हतं. आत्या कोळी बोलीत बोलायच्या, रोझा तिच्या भाषेत, आणि मधूनच दोघी हसायच्या. जेवताना रोझाने स्वतःच्या ताटातला मोठा तुकडा आत्यांच्या ताटात टाकला. आत्यांनी तिला तंबाखूची डबी दिली.

चौथ्या दिवशी सकाळी पंखा फिरला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. दुपारी आमचं विमान होतं, गाडी दारात उभी होती, आत्यांनी हातपाय धुऊन पिशवी उचलली.

रोझा ड्रायरच्या मागे गेली. पंखा थांबला.

ती हात पुसत बाहेर आली आणि दोन शब्द बोलली. दुभाषी म्हणाला, "ती म्हणते, पंखा बंद पडला."

आत्यांनी तिच्या मिटलेल्या मुठीकडे पाहिलं. बोटांच्या फटीतून स्क्रूचं टोक दिसत होतं. मग त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली.

"ड्रायव्हरला सांग," त्या म्हणाल्या, "उद्या ये."