व्हेअर विसरलेले मेहुणे

साधी गोष्ट साधेपणाने मागू न शकणारा माणूस अख्ख्या माळव्यात एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा थोरला भाऊ असावा हे माझं नशीब. धारला गणिताचे मास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर मेहुण्यांनी डेटाबेसला प्रश्न, म्हणजे क्वेरी, विचारायची भाषा शिकून घेतली, आणि तेव्हापासून ते माणसांशीही त्याच भाषेत बोलतात. सिलेक्ट म्हणजे काय हवं, फ्रॉम म्हणजे कुठल्या टेबलातून, म्हणजे तक्त्यातून, व्हेअर म्हणजे नेमक्या कुठल्या ओळी. हे पुराण मी जेवताना, दाढी करताना, एकदा तर दातांच्या डॉक्टरपुढे आ वासून बसलेला असताना ऐकलं आहे. पोह्यांच्या गाडीवर ते म्हणाले, "भिया, पोहे टेबल से दो प्लेट सिलेक्ट करो, जहाँ सेव ज्यादा हो." गाडीवाला बिचारा म्हणाला, "बाबूजी, टेबल तो नहीं है, खड़े-खड़े खा लो."

इथवर मी सोसलं. पण त्यांनी धार-देवासच्या मराठी घरांची लग्नं जुळवायची यादी लॅपटॉपवर घेतली, आणि एका घराचं चुकलेलं गोत्र सुधारताना व्हेअरची ओळच विसरले. कुणाचं ते न सांगता नुसतं 'गोत्र काश्यप करा' म्हटल्यावर यंत्राने सरसकट सगळ्यांचंच केलं. यादी घरोघरी गेली आणि दोन्ही गावं सगोत्र झाली. माझ्या मुलीचं देवासला जमत आलेलं लग्न तिथेच अडलं, कारण ती मंडळी खरोखरीच काश्यप. आम्ही वसिष्ठ, असं मी फोनवर परोपरीने सांगितलं. पण मुलाच्या आजींचा छापील कागदावर विश्वास, माझ्यावर नाही. त्या दिवशी मी मेहुण्यांना नाही नाही ते बोललो.

दुसऱ्या दिवशी हा जन्मात चूक कबूल न केलेला माणूस मला न सांगता देवासच्या बसमध्ये बसला. आजींसमोर लॅपटॉप उघडून म्हणाला, "हे पहा, तुमचं माहेरही काश्यप झालंय. म्हणजे तुमचंही लग्न सगोत्रातलंच." आजी हसल्या म्हणे, आणि लग्न ठरलं.

लग्नानंतर आठवड्याने मेहुणे लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आले. मुलीची ओळ आमच्या घरातून काढून देवासच्या घरात घालायची होती. या वेळी व्हेअर त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग बटणावर ठेवलेलं बोट उचलून लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

"भाऊजी, तुम्हीच दाबा," ते म्हणाले. "परत आणायची क्वेरी काही मला येत नाही."

मी दाबलं. यंत्राने कळवलं, एक ओळ बदलली. एकच का, असं मला त्याला विचारायचं होतं, पण तेवढी भाषा मी कधी नीट ऐकूनच घेतली नव्हती.