कोरडी गाडी

जुन्या गाड्यांच्या धंद्यात त्यांना सगळे नाकवाले म्हणत. खरं नाव बायकोला आणि बँकेला माहीत होतं, तेवढं पुरे होतं. लिलावाच्या मैदानात गाडी चालवून बघू देत नाहीत. दार उघडा, इंजिन चालू करून ऐका, खाली वाकून बघा, संपलं. मग थेट बोली. बाकीचे व्यापारी गुडघे टेकून गंज खरवडायचे, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाचा डाग दिसतो का बघायचे. नाकवाले आत बसायचे, काचा वर करायचे, डोळे मिटायचे आणि नुसता श्वास घ्यायचे. पुरात बुडालेली गाडी कितीही धुवा, पुसा, आत अत्तराची बाटली उपडी करा, कार्पेटखालचा कुबट वास काही जात नाही. नाकवाले बाहेर येऊन ‘ओली’ म्हणाले की त्या गाडीकडे कुत्रंही फिरकत नसे. ‘कोरडी’ म्हणाले की बोलीला ऊत यायचा. पट्टे ओढणाऱ्यांना ते ‘दोरीवाले’ म्हणत आणि चारचौघांत खो खो हसत.

माणसाला ज्याचा गर्व असतो तेच आधी जातं, असं म्हातारी माणसं सांगतात. म्हातारी माणसं काय, काहीही सांगतात. पण इथे झालं खरं तसंच. मागच्या वर्षी नाकवाल्यांना साधा ताप आला. अंथरूण धरलं, काढे झाले, गोळ्या झाल्या, ताप उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. एकदा स्वयंपाकघरात दूध करपून घरभर धूर झाला, तरी हे शेजारच्या खोलीत निवांत पेपर वाचत बसलेले.

“अहो, नाक काय गहाण टाकलंत?” बायको ओरडली.

“सर्दी झालीय गं,” ते म्हणाले.

ती सर्दी काही गेली नाही. लांबच्या वस्तीतल्या, ओळख नसलेल्या एका डॉक्टरांना त्यांनी गुपचूप दाखवलं. येईल हळूहळू, नाहीतर नाही येणार, असं डॉक्टर म्हणाले. एवढं तर त्यांना न विचारताही कळत होतं.

मग नाकवाल्यांनी मैदानात जाणंच कमी केलं. “आता जमाना ऑनलाइनचा,” ते सगळ्यांना सांगू लागले. मोबाइलवर फोटो बघायचे, बोटाने बोली लावायची, गाडी ट्रेलरवर चढून दारात येते. फोटोला वास नसतो, तिथे सगळेच सारखे. लोक म्हणाले, या वयात माणूस काळाबरोबर चालतोय, शिकण्यासारखं आहे. बायकोला वाटलं, बरं झालं, उन्हातान्हातली वणवण संपली. खरं काय ते एकट्या नाकवाल्यांना ठाऊक होतं, आणि ते त्यांना आतून कुरतडत होतं.

त्यातच लेकीने कारखान्यातली नोकरी सोडली. साहेबाची बोलणी खाऊन तिचा जीव विटला होता. शाळेच्या मुलांची ने-आण करायची, स्वतःची व्हॅन, स्वतःचा धंदा, असं तिने ठरवलं. वस्तीतल्या आयांनी तर मुलं आधीच तिच्या नावावर करून टाकली होती. “नाकवाल्यांची लेक म्हटल्यावर गाडी बघायलाच नको,” असं त्या म्हणाल्या. लेकीने ते घरी येऊन कौतुकाने सांगितलं आणि बापाने ताट बाजूला सारलं.

ऑनलाइन लिलावात एक पांढरी व्हॅन मिळाली. एका कंपनीची वापरलेली, फोटोत आरशासारखी लख्ख. ती अंगणात उतरली त्या दिवशी लेक धावतच आली. दार उघडून क्षणभर थबकली. काहीतरी म्हणणार होती, पण मागे सरली.

“तुम्हीच बघा, बाबा. तुम्ही सांगाल ते खरं.”

नाकवाले आत बसले. काचा वर केल्या, डोळे मिटले, श्वास घेतला. काही नाही. पुन्हा घेतला. भिंतीला नाक लावावं तसं झालं. डोळे उघडले तर काचेबाहेर लेकीचा चेहरा, परीक्षेचा निकाल ऐकायला उभ्या राहिलेल्या पोरीसारखा. पट्टा खांद्याशीच लोंबत होता. हात वर करून ओढला असता तरी भागलं असतं. पण लेकीसमोर दोरीवाला व्हायचं? एवढी वर्षं ज्यांना हसलो त्यांच्यात जाऊन बसायचं? अहो, मग तोंडाने तरी सांगायचं, बाळा, मला वास येत नाही, दुसऱ्या कुणाला तरी दाखव. एवढं एक वाक्य होतं, त्याला ना पेट्रोल लागतं ना लायसन. ते काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. ते बाहेर आले, दार लावलं आणि म्हणाले, “कोरडी आहे. खुशाल ने.”

व्हॅन धावू लागली. पोरांची गाणी, भांडणं, पाण्याच्या बाटल्यांचा खडखडाट, सगळं सकाळ-दुपार दारावरून जायचं. लेक बापाला बघून हॉर्न वाजवायची. तो ऐकला की नाकवाले हात हलवायचे. गाडी चांगलीच असेल, असं ते मनाला समजवायचे. मनाची समजूत काढण्यात माणूस वकिलालाही हार जात नाही.

एके दिवशी त्यांचा जुना मित्र, टायरवाला, दारात येऊन बसला. “चला हो मैदानात. किती दिवस त्या मोबाइलमध्ये तोंड घालून बसणार?” सबबी संपल्या तेव्हा नाकवाले उठले.

मैदानाच्या कोपऱ्यात पांढऱ्या व्हॅनची रांग उभी होती. व्यापारी नाकाला रुमाल लावून हसत होते.

“नाकवाले, आज तुमची गरज नाही,” एक जण म्हणाला. “वास दारातूनच मारतोय. आज आम्हीही नाकवाले!”

सगळे हसले, म्हणून तेही हसले. त्यांना कसलाच वास येत नव्हता. मग त्यांचं लक्ष व्हॅनच्या मागच्या दाराकडे गेलं. कंपनीच्या खुणेचा, खरवडून काढलेल्या बाणाचा फिकट ठसा होता तिथे. रोज सकाळी लेकीची व्हॅन वळणावरून दिसेनाशी होताना तिच्या मागच्या दारावर शेवटी दिसायचा तोच बाण. नाकवाल्यांनी दार उघडलं आणि सगळ्यांच्या देखत पट्टा शेवटपर्यंत ओढला. टोकाशी वाळलेला तपकिरी चिखल.

“आता हेही दोरीवाले झाले!” कुणीतरी म्हणालं. या वेळी ते हसले नाहीत.

“कुठल्या गाड्या या?”

“नदीकाठच्या गोदामातल्या. पुरात सगळ्या बुडाल्या होत्या,” टायरवाला म्हणाला. “त्यातल्या काही आधीच ऑनलाइन विकल्यात म्हणे. कुणाच्या गळ्यात पडल्या, कुणास ठाऊक.”

ओल्या गाडीचं वायरिंग आतल्या आत गंजत जातं. आज चालते, उद्या चालते, आणि एक दिवस भर उतारावर इंजिन बंद पडतं, स्टिअरिंग दगड होतं. हे नाकवाल्यांनीच किती जणांना समजावलं होतं. त्यांनी लेकीला फोन लावला. वाजत राहिला. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हेही त्यांनीच शिकवलेलं.

टायरवाल्याच्या टेम्पोतून ते शाळेच्या फाटकाशी पोचले तेव्हा मुलं व्हॅनमध्ये चढत होती. नाकवाले धापा टाकत बॉनेटसमोर जाऊन उभे राहिले.

“उतरव सगळ्यांना. गाडी ओली आहे.”

लेकीने एकदा त्यांच्याकडे बघितलं, इंजिन बंद केलं, मुलांना उतरवून कट्ट्यावर ओळीने बसवलं आणि एकेका आईला फोन केला. सगळं झाल्यावर ती बापासमोर येऊन उभी राहिली.

“मला वास येत नाही गं,” नाकवाले म्हणाले. “तापापासून येतच नाही. त्या दिवशी खोटं बोललो मी. लाज वाटली.”

तिने व्हॅनचं उघडं राहिलेलं दार लावलं.

“मला आला होता, बाबा,” ती म्हणाली. “पहिल्याच दिवशी, दार उघडल्याबरोबर. पोरंही रोज नाक धरून चढतात. मी दटावते त्यांना.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही कोरडी म्हणालात ना. मला वाटलं, माझंच नाक चुकतंय.”